अंगावरचे पाहुणे

२ मार्च

आजपासून मुकी. गळ्यातली गाठ काढली, ती साधी निघाली, म्हणजे मरणार नाही. पण डॉक्टरांनी सहा आठवडे तोंड बंद ठेवायला सांगितलंय. बोलणं नाही, खाकरणं नाही, कुजबुजणंसुद्धा नाही. मी कागदावर लिहून विचारलं, "आवाज परत येईल ना?" ते म्हणाले, "येईल. कसला येईल, ते मात्र आत्ता सांगता येणार नाही." इतकं प्रामाणिक उत्तर मला नगरपालिकेच्या एकाही अधिकाऱ्याने कधी दिलेलं नाही, म्हणून राग गिळला. गिळतानाही दुखतं.

घरी आल्यावर नवऱ्याने माझ्या हातात पाटी आणि खडू ठेवला. "चला, आता तरी शुद्धलेखन सुधारेल." आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली त्याने. बसवाले माझ्यामागे त्याला 'कानामात्रा' म्हणतात. त्याला माहीत आहे आणि आवडतंही, असा माझा संशय आहे.

खरी काळजी घशाची नाही. सहा एप्रिलला बस कामगारांची सर्वसाधारण सभा आहे. नगरपालिकेने डेपो ठेकेदाराच्या घशात घालायचा घाट घातलाय. संप करायचा की नाही, ते त्या दिवशी हात वर करून ठरणार. आणि नेमक्या त्या दिवशी त्यांची पुढारी, त्यांची ताई मुकी! मी लेकीला बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, "मी लिहीन. तू बोलशील."

लेक दातांची डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवते, स्वतःचं फारसं उघडत नाही. ती म्हणाली, "आई, मला ना त्या दुसऱ्या गावच्या दवाखान्याला कळवायचं होतं. त्यांनी जागा दिलीये. लहान मुलांच्या दातांचं काम. दहा एप्रिलपर्यंत थांबतो म्हणालेत."

मी लिहिलं, "सभेनंतर बघू."

ती "बरं" म्हणाली. शहाणी आहे पोर.

संध्याकाळी तिने तिचा जुना कॅमेरा आणून दिला. "नुसती बसलीस तर तुझं डोकं फिरेल, आणि मग आमचं. परसात जाऊन फोटो काढ." दवाखान्यात दाढांचे फोटो काढायचा कॅमेरा आहे हा. भिंगाभोवती दिव्याचं कडं. किडलेली दाढ म्हणे भिंतीएवढी दिसते.

५ मार्च

परस म्हणजे काय, तर दोरीवर वाळणारे कपडे, नवऱ्याचा कोबीचा वाफा, एक मोडकी खुर्ची आणि शेजारच्यांची भिंत. इथे फोटो कसले काढायचे? पण नळाखालच्या पाण्यात चिमण्या येतात. लेकीने शिकवलंय, श्वास रोखून धर आणि मग दाब. श्वास रोखायची मला सवय आहे, टाळ्या थांबायची वाट बघताना रोखावाच लागतो.

चाळीसेक फोटोंत एक धड आला. चिमणीचं डोकं, काळा चकचकीत डोळा, आणि डोळ्याच्या खाली राखाडी वाटाण्यासारखं काहीतरी. मला वाटलं, दाणा चिकटलाय. नवरा संगणकाच्या पडद्याला नाक लावून म्हणाला, "दाण्याला पाय असतात का गं?"

पाय होते. पुढच्या बाजूला, बारीक, चिमणीच्या कातडीत रुतलेले.

गोचीड! मी पडद्यापुढे कितीतरी वेळ बसले. तीस वर्षं गेटसभांमधून मी ठेकेदारांना गोचीड म्हणत आले. या शब्दावर मी किती टाळ्या घेतल्या असतील! आणि खरी गोचीड मी आज, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा नीट पाहिली. ती गुळगुळीत असते. छान करडी, पावसाळी ढगासारखी. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

६ मार्च

नणंद आली. ती जनावरांची डॉक्टर, हात नेहमी औषधाचा वास मारणारे. फोटो बघून खूश झाली. "वहिनी, तू बोलत नाहीस तेव्हा किती कामाची आहेस!"

मी लिहिलं, "काढायची कशी?"

"चिमणी हातात येणार आहे का तुझ्या? आणि आली तरी ओढू नकोस, तोंड आत राहतं. पोट भरलं की आपण होऊन गळून पडेल."

"आपण होऊन?" मी दोनदा अधोरेखित केलं.

"हो मग. तू बिचारीला ठेकेदार म्हणतेस. ठेकेदार कधी पोट भरलं म्हणून सुटलाय?"

नवरा खो खो हसला. मी वाक्य वहीत उतरवून घेतलं, सहा एप्रिलला उपयोगी पडेल. मग वाटलं, वाक्य उतरवलं खरं, पण गोचिडीचं पुढे काय होतं, गळून कुठे पडते, तिथे किती दिवस बसते, हे विचारायचं राहूनच गेलं. नणंद निघून गेली होती.

१० मार्च

आज डेपोच्या गेटवर पहिली छोटी सभा. लेकीने माझं भाषण वाचलं. मी मागे, पानाच्या टपरीपाशी उभी. सुरुवातीला तिचा आवाज चाचरला. मग तिने माझ्यासारखा उजवा हात वर केला (मी कडेला लिहून दिलं होतं, 'इथे हात'), आणि काय सांगू! तोच चढ, तोच थांबा. डोळे मिटले तर मीच बोलत होते. ड्रायव्हर लोक म्हणाले, "अगदी ताईच! छोट्या ताई!" माझी छाती दोन इंच फुगली.

घरी आल्यावर ती जेवली नाही. दमली असेल. पहिल्या भाषणानंतर मीही जेवले नव्हते.

१४ मार्च

शेजारच्यांच्या भिंतीवर एक सरडा ऊन खात बसतो. आज त्याच्या अगदी जवळ गेले. त्याच्या पुढच्या पायाच्या खाकेत आणि मानेच्या घडीत लाल ठिपके. मोठं करून पाहिलं तर ठिपके नाहीत, जीव आहेत. कोळ्याच्या जातीतले, मिरचीच्या बियांहूनही बारीक, एकमेकांना चिकटून, अगदी मुक्कामाला आल्यासारखे. आणि सरडा? तो आपला डोळे मिटून ऊन खातोय. खाजवत नाही, धावत नाही, कुणाला दोष देत नाही.

दुपारी एक काळा भुंगा सापडला. त्याच्या पोटाखाली असेच बारीक जीव. मी नणंदेला फोटो पाठवला आणि लिहिलं, "हेही रक्त पितात?"

तिचं उत्तर आलं: "नाही. हे नुसते प्रवासी. शेण लागलं की उतरतात. बिनतिकीट."

मी बस कामगारांची पुढारी, आणि हे मला आज कळतंय! हसू आलं, पण हसायलाही बंदी. खांदे हलवून हसले.

आता कुठलाही प्राणी मला नुसता दिसतच नाही. कावळा आला की त्याच्या पंखाखाली बघायचं. मांजर आली की तिच्या कानामागे. कबुतराच्या पिसांतून एक चपटी माशी खेकड्यासारखी तिरपी पळाली, तिच्यामागे मी अर्धा तास होते. एकही जीव एकटा नाही. प्रत्येकावर कुणीतरी बसलेलं. तीस वर्षं मी याला अन्याय म्हणत आले. अजूनही म्हणेन. पण मला आता बघायचं आहे.

१७ मार्च

लेक म्हणाली, "आई, मला कॅमेरा शनिवारी हवा होता. एका शाळेत मुलांच्या दातांचे—" मी लिहिलं, "शनिवारी सरडा कात टाकेल असं वाटतंय." ती म्हणाली, "बरं, राहू दे."

नवऱ्याने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. प्रुफात चूक सापडली की तो असा बघतो.

१९ मार्च

आजचा दिवस मोठा!

नवरा सकाळी कोबीच्या वाफ्यात शिव्या देत होता. पानांची चाळण झालीये, अळ्या पडल्या आहेत. तो एकेक उचलून डब्यात टाकत होता. मी जाऊन डबा काढून घेतला, कारण एका पानावर मला काहीतरी वेगळं दिसलं.

एक हिरवी-पिवळी अळी. तिच्या अंगाखाली पिवळ्या रेशमी अंड्यांचा ढीग. तांदळाच्या दाण्याएवढी एकेक. आणि ती त्यांच्यावर पाखर घालून बसलेली! तिने त्यांच्याभोवती बारीक धाग्याचं जाळंसुद्धा विणलंय. मी काडीने हळूच डिवचलं तर तिने डोकं फाडकन हलवून काडीला फटका मारला. एवढीशी अळी! बाकीच्या सगळ्या कोबी फस्त करताहेत, ही मात्र खात नाही. उपाशी पोटी पिल्लांवर पहारा देते आहे.

माझे डोळे भरून आले. खरंच. नवरा म्हणाला, "माझा कोबी?" मी पाटीवर लिहिलं, "आईपुढे कोबी काय?"

चार तासांत भाषण तयार. "बघा या अळीकडे. तिला दात नाहीत, डंख नाही. पण तिच्या पोटाखाली उद्याची पिढी आहे आणि म्हणून ती जागची हलत नाही! तुम्ही कुणासाठी बसला आहात या डेपोत?" मी तीस वर्षांत यापेक्षा चांगलं लिहिलेलं नाही. फोटो मोठा करून कापडावर छापून घ्यायचा.

२२ मार्च

गेट दणाणलं. मागे आठ फुटी कापडावर अळी, पुढे लेक. "तुम्ही कुणासाठी बसला आहात?" म्हणताच एक म्हातारा ड्रायव्हर रडला. एक कंडक्टर बाई ओरडली, "छोट्या ताई, पुढच्या वर्षी संघटनेच्या निवडणुकीला तुम्हीच उभ्या राहा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना रिक्षात मी लिहिलं, "ऐकलंस?" लेक बाहेर बघत होती. "ऐकलं," म्हणाली. मग, "आई, त्यांना मी कोण वाटते?" मी लिहिलं, "माझी मुलगी." ती हसली. घसा बसलाय तिचा. म्हटलं, गरम पाणी पी, सहा तारखेपर्यंत जप.

रात्रीचं ताट झाकून ठेवलंय. सकाळी तसंच असतं हल्ली. दवाखान्यात काहीतरी खात असेल.

२५ मार्च

अपमान. लिहितानाही कान तापताहेत.

नणंद आली होती. तिने वर्तमानपत्रात कापडाचा फोटो बघितला. चप्पल काढता काढताच म्हणाली, "वहिनी, अळी अंडी कधीपासून घालायला लागली?"

मी पडद्यावर तो फोटो पुन्हा उघडला.

"अळी म्हणजे बाळ. अंडी घालतं फुलपाखरू. चौथीत शिकलीस की नाही?"

शिकले होते! दोन कपाटं पुस्तकं वाचली आहेत मी! फुलपाखराच्या चार अवस्था झोपेतही सांगेन! पण त्या दिवशी मी अळी पाहिलीच नाही. मी वाक्य पाहिलं.

"मग हे काय?" मी लिहिलं.

"कोष. डासाएवढी गांधीलमाशी असते. ती या अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं आत वाढतात, आतूनच खातात, पण अशी खातात की अळी जिवंत राहील. पोसली की कातडीला भोकं पाडून बाहेर येतात आणि तिच्याच अंगाखाली कोष विणतात."

"मग ती राखण का करते?"

"ते नक्की कुणालाच माहीत नाही. तिला तसं करायला लावतात, एवढं खरं. तिला वाटत असेल, हे आपलंच काम."

नवरा हळूच म्हणाला, "आणि उपाशी?"

"खायची इच्छाच राहत नाही रे दादा. थोडे दिवस राखण करते आणि मरते."

लेक दारात उभी होती. ती कधी आली, कळलं नाही. ती म्हणाली, "आत्या, आणि ती पिल्लं वाईट असतात का?"

"नाही गं. त्यांनाही जगायचंच असतं. त्यांना कुठे माहीत असतं, आपण काय खातोय ते?"

लेक बराच वेळ पडद्यावरच्या फोटोकडे बघत राहिली. मग आत जाऊन झोपली. ती चिडली असावी, आणि चिडणारच. एवढ्या लोकांपुढे माझी चूक तिच्या तोंडून गेली.

२८ मार्च

पान तोडून काचेच्या बरणीत ठेवलंय, तोंडाला मलमलचं फडकं. आज माश्या बाहेर आल्या. काळ्या, नाजूक, लांब मिश्या. कोषाच्या टोकाला गोल झाकण कापून बाहेर. किती सुबक! एकीचे पंख वाळेपर्यंत मी श्वास रोखून बसले आणि हा फोटो आजवरचा सगळ्यांत चांगला आला आहे.

पण काही कोषांतून वेगळ्याच माश्या निघाल्या, आणखी लहान. नणंदेला विचारलं. ती म्हणे, या दुसऱ्याच. पहिल्या माशीच्या कोषात अंडी घालतात. खाणाऱ्यालाही खाणारं आहे!

मी हे कुठल्या वाक्यात घालू? कुठल्याच नाही. मी प्रयत्न केला. माझ्याकडे बाजू घ्यायला दोनच जागा असतात, इकडे आणि तिकडे. इथे तीन झाल्या, कदाचित चार. भीती नाही वाटली, उलट आणखी बघावंसं वाटलं. हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं.

अळी मेली आहे. वाळून काडीसारखी. तरी कोषांच्या जाळ्याला चिकटलेलीच.

३० मार्च

सहा तारखेच्या भाषणात अळी ठेवायची की काढायची, यावरून लेकीशी वाद. वाद म्हणजे ती बोलते आणि मी खडू मोडते.

ती म्हणाली, "आई, ते खोटं आहे."

"लोकांना पटलंय."

"म्हणूनच सांगायला हवं."

"सभेआधी चूक कबूल केली तर ठेकेदाराची माणसं आठ दिवस हसतील. संप हातचा जाईल. चारशे घरं आहेत!"

"मग अळी काढून टाक. गप्प राहू."

"अळी काढली तर भाषणात काय उरलं?"

"तेच विचारतेय मी," म्हणाली.

मी अळी ठेवली. रात्रभर विचार केला आणि ठेवली. मला माझं बरोबर वाटतं. म्हणजे, वाटायला पाहिजे. लढाईत प्रत्येक उदाहरण शास्त्रीय असलं पाहिजे, असं कुठे आहे? तरी सकाळी बरणी धुताना माझी नजर आपोआप दुसरीकडे जात होती.

लेकीने भाषण घेतलं. घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्या दवाखान्याचं काय, ते तिने पुन्हा विचारलं नाही. मीही आठवण काढली नाही. सभा एकदा पार पडू दे.

६ एप्रिल

आधी झालं ते जसंच्या तसं लिहिते. मत नंतर.

डेपोचं मोठं पत्र्याचं शेड, दुपारी चार. खच्चून माणसं. मी पहिल्या रांगेत, मांडीवर पाटी. शेजारी नवरा. लेक व्यासपीठावर गेली, मागे ते आठ फुटी कापड. तिने भाषण काढलं, उघडलं, माईकच्या दांडीवर ठेवलं, आणि घडी करून परत पर्समध्ये टाकलं.

"मी दातांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज. बारीक. मागच्यांनी ओरडून सांगितलं, "ऐकू येत नाही!" तिने माईक जवळ घेतला. "मी बस चालवत नाही. संप केलात तर पगार तुमचा जाणार. माझा जाणार नाही. मागच्या दोन सभांत मी 'आपण लढू' म्हणाले. त्यातलं 'आपण' खरं नव्हतं."

शेडमध्ये कुजबुज. मी खुणा करत होते, हात वर, हात वर! ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आणि मागे लावलेला हा फोटो. मी म्हटलं होतं, अळी पिल्लं राखतेय. ती तिची पिल्लं नाहीत. ती तिला आतून खाऊन बाहेर पडलेली आहेत, आणि तरी ती राखतेय. आम्हाला आधी माहीत नव्हतं. कळल्यावर सांगायला उशीर झाला. माफ करा."

कुणीतरी हसलं. मग दोन-चार हसले. मी उभी राहिले. पाटीवर "थांबा!" लिहिलं आणि पाटी डोक्यावर धरली. मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ बाई, खाली बसा, दिसत नाही!" कुणी नवा पोरगा असणार, मला न ओळखणारा. पाटी कुणी वाचलीच नाही. मी ओरडायला तोंड उघडलं. नवऱ्याने माझं मनगट धरलं आणि कानाशी म्हणाला, "नको. कायमचा जाईल आवाज."

मी बसले.

लेक म्हणाली, "यापुढे मी इथे बोलणार नाही. तुमच्यातलं कोणीतरी बोला." आणि खाली उतरून मागच्या बाकावर जाऊन बसली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग ती कंडक्टर बाई उठली, 'पुढच्या वर्षी तुम्हीच उभ्या राहा' म्हणणारी. खांद्यावर तिकिटाचं मशीन तसंच. तिला माईकपुढे कुठे उभं राहायचं, हेही कळेना. ती म्हणाली, "मी काय भाषणवाली नाही. पण बेमुदत संप मला नाही जमणार. घरी माझी एकटीची कमाई आहे. असं करू या का, जादा पाळी कुणीच करायची नाही. एकानेही नाही. जादा पाळ्यांवरच तर चाललाय त्यांचा सगळा कारभार." मग एक ड्रायव्हर उठला, म्हणाला, यात अमुक अडचण आहे. मग तिसरा. तासभर नुसता गलका. शेवटी हात वर झाले. संप नाही, जादा पाळी बंद. जवळजवळ सगळ्यांचे हात.

आता मत. नेभळट ठराव. मी बोलू शकले असते तर पूर्ण संप घडवला असता. लेकीने मला चारचौघांत तोंडघशी पाडलं. माझी स्वतःची मुलगी!

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवली. पातेल्यातूनच. दोनदा वाढून घेतलं. मला त्याचाच जास्त राग आला.

७ एप्रिल

पाटी वापरली नाही. बोलायचंच नाहीये कुणाशी.

नवरा म्हणाला, "चहा?" मी मान वळवली. तो म्हणाला, "म्हणजे हो." चहा ठेवला.

९ एप्रिल

सरड्याच्या खाकेतले लाल ठिपके कमी झालेत. मोजून पाहिलं तर निम्मे. कात टाकताना गेले असतील की स्वतःहून उतरले? नणंदेला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही होऊ शकतं. बघत राहा."

लेकीने दवाखान्याला होकार कळवला. मला सांगितलं, विचारलं नाही. "रविवारी निघतेय." मी लिहिलं, "कॅमेरा घेऊन जा." ती म्हणाली, "तुला लागेल ना." मी पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिलं. तिने घेतला.

१२ एप्रिल

नगरपालिकेने कामगारांना चर्चेला बोलावलंय. जादा पाळ्या बंद झाल्यावर तिसऱ्याच दिवशी अर्ध्या गाड्या उभ्या राहिल्या. चर्चेला ती कंडक्टर बाई जाणार. तिने फोन केला होता. नवऱ्याने कानाला लावून दिला. ती म्हणाली, "ताई, साहेब लोक काय विचारतील? मला धडधडतंय." मी काही बोलू शकत नव्हते. तीच बोलत राहिली. बोलता बोलता तिने सगळं स्वतःच ठरवलं, आधी काय मांडायचं, नंतर काय, आणि शेवटी म्हणाली, "बरं झालं ताई तुमच्याशी बोलले." मी अवाक्षर काढलं नव्हतं.

१३ एप्रिल

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. "जखम भरली. बोला. पण दिवसाला पाच मिनिटं, महिनाभर. हळू."

घरी येईपर्यंत बोलले नाही. नवऱ्याने विचारलं, "पहिलं वाक्य कोणतं काढणार? इतिहासात नोंद करायला हवी." मी मान हलवली. जपून ठेवली होती ती पाच मिनिटं. तीस वर्षांत वेळ जपून वापरायची वेळ कधी आलीच नव्हती, समोरचे घड्याळ बघायला लागले तरी मी बोलतच असायचे.

लेक तिच्या खोलीत बॅग भरत होती. पलंगभर कपडे, पुस्तकं, प्लॅस्टिकचा लहान मुलांचा जबडा. मी दारात उभी राहिले. मनात बरंच होतं. सभेचं होतं, कापडाचं होतं. चारचौघांत कुणी आईला असं तोंडघशी पाडतं का, हे होतं. त्यांतलं एक वाक्य तर चांगलं घोटूनही ठेवलं होतं. पण पाच मिनिटांत ते सगळं बसेना. म्हणून उरलं तेवढंच विचारलं.

"तिथे गेल्यावर तुला काय काय करायचंय?"

आवाज घोगरा निघाला, अर्धा हवेचाच. माझा मलाच ओळखू आला नाही. लेकीच्या हातातला सदरा तसाच राहिला. आधी मला वाटलं, आवाजाला दचकली. पण ती आवाजाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, काहीतरी पुढे येईल म्हणून थांबल्यासारखी. पुढे काही नव्हतं. माझं विचारून झालं होतं.

"मला?" ती म्हणाली.

मी मान हलवली. मिनिटं वाचवायला.

ती पलंगावर बसली. तोंड उघडलं, मिटलं. सदऱ्याची घडी घातली, मोडली, परत घातली. नवरा मागून घड्याळ दाखवत होता, मी त्याला हाताने बाजूला केलं. मग ती बोलायला लागली. मुलं दातांना का घाबरतात, त्यांना आधी नुसता आरसाच हातात कसा द्यायचा, मग गोष्ट कशी सांगायची, मग तोंड आपोआप कसं उघडतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. माझी साडेचार मिनिटं तशीच शिल्लक राहिली.

साधा प्रश्न होता. उत्तर द्यायला ती एवढी का अडखळली, ते काही मला कळलं नाही. उद्या विचारीन.